पुसून जाणारं सर्किट

मंडळाच्या अंकासाठी 'माझा छंद' या विषयावर काहीतरी लिही, असा निरोप आला तेव्हा आधी नकोच वाटलं. आपल्याकडे ट्रेक करणारे आहेत, गाणारे आहेत, गच्चीवर ड्रॅगन फ्रूट लावणारे आहेत. त्यांच्या रांगेत मी काय सांगू? मी सुट्टीच्या दिवशी चौकटींच्या कागदावर ठिपक्यांची यंत्रं बनवतो. गेली दोन वर्षं तर अशी यंत्रं बनवतोय, जी काम झालं की स्वतःला पुसून टाकतात. आईच्या भाषेत सांगायचं तर, "आधी बनवायचं, मग मोडायचं पण. वर त्याला रात्रभर जागायचं."

पण माझी भाची आठवीत आहे, तिला हे सगळं कळलं. म्हणजे तुम्हालाही कळेल.

आधी खेळ सांगतो. घरात मोठ्या चौकोनी फरश्या असतील तर त्यांच्यावर, नाहीतर कागदावर चौकटी आखून. मूठभर चिंचोके घ्या. एका घरात एक चिंचोका ठेवला तर ते घर जिवंत, रिकामं असेल तर मेलेलं. प्रत्येक घराला आठ शेजारी: चार बाजूंचे, चार कोपऱ्यांचे. नियम दोनच. जिवंत घराला दोन किंवा तीन जिवंत शेजारी असतील तर ते पुढच्या पिढीत टिकतं, कमी-जास्त झाले तर मरतं. रिकाम्या घराला बरोबर तीन जिवंत शेजारी असतील तर तिथं नवा चिंचोका येतो. सगळ्या घरांचा निकाल एकाच वेळी लावायचा. झाली एक पिढी. मग परत तेच.

एका ओळीत तीन चिंचोके ठेवून बघा. आडवी ओळ उभी होते, उभी परत आडवी, आणि हे असंच चालू राहतं. चौकोनात चार ठेवा, ते कधीच हलत नाहीत. आता हा आकार ठेवा: खाली ओळीत तीन, त्यांच्या वर उजव्या टोकाला एक, आणि त्याच्याही वर, एक घर डावीकडे सरकून, एक. पाच चिंचोके. चार पिढ्यांनंतर हाच आकार जसाच्या तसा, पण एक घर तिरका सरकलेला दिसेल. याला ग्लायडर म्हणतात. भाचीनं हे हातानं करून बघितलं. चौथ्या पिढीला आकार परत जुळला तेव्हा ती एवढ्या जोरात ओरडली, की शेजारच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, "मॅच लागलीय काय?"

हा खेळ केंब्रिजचे गणिती जॉन कॉनवे यांचा. 'गेम ऑफ लाइफ' हे त्याचं नाव. ऑक्टोबर १९७० मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात तो छापला, आणि जगभरच्या कॉम्प्युटरवाल्यांनी ऑफिसच्या मशीनवर चोरून तो चालवायला सुरुवात केली. कॉनवेंनी पैज लावली होती: कायम वाढत राहणारा आकार कुणी दाखवला तर पन्नास डॉलर. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एमआयटीच्या बिल गॉस्पर आणि मंडळींनी दर तीस पिढ्यांनी एक ग्लायडर सोडणारी बंदूक शोधली आणि पैसे नेले. कॉनवे एप्रिल २०२० मध्ये कोविडनं गेले. त्या दिवशी ऑफिसच्या ग्रुपवर मी बातमी टाकली. दोघांनी अंगठा दाखवला, एकानं विचारलं, कोण हे?

बंदूक मिळाली म्हणजे सिग्नल मिळाला. ग्लायडर आला म्हणजे एक, नाही आला म्हणजे शून्य. हा सिग्नल वळवता आला, दुभंगता आला, अडवता आला, की पुढे सर्किट बनवता येतं, आणि शेवटी अख्खा कॉम्प्युटर. या सगळ्याला पन्नास वर्षं लागली, अजून चालू आहे. ग्लायडर गिळून चार पिढ्यांत परत शहाण्यासारखा बसणारा सात घरांचा एक आकार आहे, त्याला ईटर म्हणतात. भाची त्याला खादाड म्हणते. ग्लायडरला काटकोनात वळवून स्वतः पुन्हा पहिल्यासारखा होणारा एक सुटसुटीत आकार माइक प्लेल यांनी २०१३ साली शोधला. त्याचं नाव स्नार्क, आणि त्रेचाळीस पिढ्यांत तो पुढच्या ग्लायडरला तयार असतो. हर्शेल नावाचा सात घरांचा एक वांड आकार आहे. एकटा सोडला तर १२८ पिढ्या धिंगाणा घालतो आणि मागे दोन चौकोन, एक जहाज आणि पळत सुटलेले दोन ग्लायडर ठेवून शांत होतो. पण त्याच्या वाटेत नेमक्या जागी चौकोन आणि खादाड ठेवले, तर तो आपला कचरा त्यांच्याकडून साफ करून घेत दुसऱ्या जागी पुन्हा हर्शेल म्हणून उगवतो. अशा नळ्या जोडत गेलं की सिग्नलला हवा तसा रस्ता मिळतो. नव्वदच्या दशकात डेव्ह बकिंगहॅम यांनी ही कला वाढवली.

आता माझा विषय. हे सगळे चौकोन, खादाड, स्नार्क आपापल्या जागी कायम बसून असतात. सिग्नल येतो, जातो, यंत्र तिथंच. घरातल्या वायरिंगसारखं. ते काम झाल्यावर नाहीसं व्हावं असं कुणाला कशाला वाटेल?

वाटतं, आणि त्याला कारण आहे. अँड्र्यू वेड यांनी मे २०१० मध्ये 'जेमिनी' नावाचा आकार बनवला. तो पुढे सरकतो, पण ग्लायडरसारखा नाही. तो आपली नवी प्रत दूर बांधतो आणि जुनी पाडतो. ३,३६,९९,५८६ पिढ्यांनी त्याची एक फेरी पुरी होते. जुनी पाडली नाही तर ते सरकणं नव्हे, नुसती वाढ. मागे अवशेषांची रांग लागेल. म्हणजे बांधण्याइतकंच पाडणंही त्या यंत्राच्या पोटात असायला लागतं.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं. या खेळातच हाच खेळ चालवता येतो. शेकडो-हजारो घरांचं एक मोठं यंत्र बनवायचं, आणि ते एकाच घरासारखं वागेल असं करायचं. ब्राइस ड्यू यांचं असं एक प्रसिद्ध यंत्र आहे. २०४८ गुणिले २०४८ घरं मिळून त्याचं एक 'मोठं घर' होतं. लांबून पाहिलं की मोठी घरं पेटताना-विझताना दिसतात. पण त्यात एक गोम आहे. विझलेलं मोठं घरसुद्धा रिकामं नसतं. त्याची सगळी यंत्रणा आत बसलेलीच असते. म्हणजे खेळ चालवायचा तर आधी सगळं मैदान यंत्रांनी भरून ठेवायला हवं. ॲडम गाउचर यांनी २०१८ मध्ये हे मोडून काढलं. त्यांच्या रचनेत विझलेलं घर म्हणजे खरोखर रिकामी जागा. एकही चिंचोका नाही. मग शेजाऱ्यांनी मिळून जन्म द्यायचा तर अख्खं यंत्र रिकाम्या जागेवर बांधायचं, आणि मरायची वेळ आली तर त्या यंत्रानं स्वतःला शेवटच्या चिंचोक्यापर्यंत पुसायचं. एक चौकोन जरी मागे राहिला तरी पुढच्या वेळी तिथं बांधकाम करताना तो आडवा येणार.

दुसऱ्या एका प्रकारच्या नियमांतही हीच गोष्ट घडली आहे. क्रिस्टोफर लँग्टन यांनी १९८४ साली स्वतःची प्रत काढणारी छोटी वेटोळी बनवली. ती वाढत जातात, जागा संपली की आतली मरतात, आणि त्यांची रिकामी टरफलं पोवळ्याच्या खडकासारखी तिथंच अडकून राहतात. १९९८ मध्ये हिरोकी सायामा यांनी नियमांत विरघळण्याची सोय घातली. कोंडी झाली की वेटोळं विरघळतं आणि जागा मोकळी होते. एवढ्याशा बदलानं मैदान कायम हलतं राहिलं.

माझा छंद या मोठ्या लोकांच्या मानानं अगदी घरगुती. मी एक लहान सर्किट घेतलं: एक ग्लायडर आत येतो, त्याचा हर्शेल होतो, तो दोन नळ्यांतून जातो, आणि ठरलेल्या रांगेवर ग्लायडर बाहेर पडतो. मागे नऊ स्थिर आकार उरतात. हे नऊच्या नऊ, एकाच इशाऱ्यावर, निशाणीही न ठेवता गेले पाहिजेत.

पहिला विचार सगळ्यांना सुचतो तोच: प्रत्येकावर एक ग्लायडर सोडा. नेमक्या रांगेतून आलेला ग्लायडर चौकोनावर आदळला की दोघंही नाहीसे होतात. पण एक रांग चुकली की चौकोन नुसता सरकतो, नाहीतर स्फोट होऊन दहा नवे आकार तयार होतात. आणि नऊ ग्लायडर आणायचे कुठून? बाहेरून आणले तर ते 'स्वतःला पुसणं' झालं नाही. म्हणून सर्किटच्या आजूबाजूला जास्तीचे आकार पेरून ठेवायचे. एका आकारावर ग्लायडर आदळला की तो आकार संपतो आणि ग्लायडर काटकोनात वळून पुढे जातो. एकदाच वापरायचं वळण. दुसऱ्या एका जातीवर आदळला की तो संपतो आणि दोन ग्लायडर निघतात. एकदाच वापरायचा फाटा. अशी वळणं आणि फाटे लावत गेलो की एका ग्लायडरचे दोन, दोनाचे चार होतात, प्रत्येक जण एकेक आकार घेऊन जातो, आणि वाटेतली वळणं आपोआप खर्च होतात. दिवाळीतल्या फटाक्यांच्या माळेसारखं, फक्त शेवटी कागदाचा कपटासुद्धा उरता कामा नये.

गोल्ली नावाचं फुकट मिळणारं प्रोग्रॅम आहे, त्यात हे सगळं चालवता येतं. त्याला पायथॉनची स्क्रिप्ट जोडता येते. रात्री झोपताना मी स्क्रिप्ट लावायचो: या वीस बाय वीसच्या पट्ट्यात एक चौकोन किंवा एक नाव प्रत्येक जागी ठेवून बघ, ग्लायडर सोड, शेवटी काय उरतं ते लिहून ठेव. सकाळी चहाबरोबर यादी वाचायची. बहुतेक ओळी म्हणजे कचरा. शंभरात एखादी ओळ अशी, की वाचताना कप हातातच राहतो.

गोल्लीत वरच्या पट्टीवर जिवंत घरांचा आकडा दिसतो. सगळं पुसलं गेलं की तिथं शून्य यायला हवं. एका रविवारी पडदा पूर्ण काळा झाला, एक ठिपका नाही, आणि आकडा होता पाच. मी झूम कमी करत गेलो, करत गेलो. खूप दूर, वरच्या डाव्या कोपऱ्याकडे, एकच ग्लायडर निघून चालला होता. तो कुठंही आदळणार नाही. मैदान अमर्याद आहे, तो जातच राहणार. बघणाऱ्याला साफ दिसतं, पण ते साफ नाही. या एका पाचासाठी माझे सहा रविवार गेले.

आमच्या क्षेत्रात असले पाच फार. ऑफिसात 'तात्पुरता' म्हणून काढलेला डेटाबेसचा तक्ता सहा वर्षं राहतो. काढणारा नोकरी सोडून जातो, आणि कुणी हात लावत नाही, कारण काय कोसळेल कुणाला ठाऊक. नवीन काहीतरी चालू केलं की टाळ्या मिळतात. जुनं नीट बंद केलं म्हणून कुणाचा वर्षअखेरीस पगार वाढल्याचं मी तरी ऐकलं नाही.

आता अप्पांकडे येतो. माझे वडील रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले. नोकरी बहुतेक हुबळी विभागातच, त्यातली काही वर्षं लोंढा आणि कॅसलरॉकच्या बाजूला, घाटात. मागच्या वर्षी माळमड्डीतले माझे काका वारले. त्यांचं धारवाडचं घर रिकामं करायला आम्हाला तीन महिन्यांचे रविवार लागले. कुलूप नसलेल्या किल्ल्या, किल्ली नसलेली कुलपं, सत्तर सालची विजेची बिलं, तांब्याचे सहा बंब. सहा! काकू प्रत्येक वस्तू हातात घेऊन तिची गोष्ट सांगायच्या, आणि ती वस्तू परत त्याच ढिगात जायची. अप्पा काही बोलले नाहीत. पण घरी आल्यावर त्यांनी स्वतःचं कपाट उघडलं.

तेव्हापासून ते दर आठवड्याला काहीतरी काढतात. आधी कपडे गेले, मग हत्यारं वायरमनच्या पोराला दिली, मग पत्रं. दिवाळीच्या साफसफाईत त्यांनी डायऱ्या आणि वह्या बाहेर काढल्या. रेल्वेच्या छोट्या खिशातल्या डायऱ्या, तीसेक तरी असतील, आणि चार मोठ्या वह्या. त्यात त्यांनी स्वतःच्या हातानं काढलेली रिले सर्किटं होती. शिसपेन्सिलीनं, रेषा पट्टीनं मारलेल्या, अक्षर छापल्यासारखं.

"अप्पा, या कशाला टाकताय?"

"ठेवून काय करणार? यातला एक रिले आता जागेवर नाही. सगळं इलेक्ट्रॉनिक झालं. उद्या मी गेल्यावर तूच बसशील की हे निस्तरत."

"मी निस्तरेन की."

"तेच नको म्हणतो."

मला वाईट वाटलं. राग पण आला. गंमत बघा, माझ्या लॅपटॉपवर त्याच वेळी स्क्रिप्ट चालू होती, एकही चिंचोका मागे न ठेवण्याची. तिथं मला शून्य हवं होतं आणि इथं नको होतं. भाची दोघांमध्ये बसून चिवडा खात होती. तिनं सरळ विचारलं, "मामा, तुझं सर्किट पुसून गेलं की ते होतं हे कसं कळणार?"

कळत नाही. हे या खेळाचं मर्म आहे. पुढे जायचे नियम पक्के आहेत, मागे जायचे नाहीत. आजच्या चित्रावरून उद्याचं एकच निघतं, पण कालचं? रिकाम्या मैदानाला अगणित भूतकाळ असू शकतात. एकटा चिंचोका होता आणि मेला, किंवा दोन ग्लायडर आदळून संपले. दोन ग्लायडर आदळायच्या सत्तरेक तऱ्हा आहेत, त्यातल्या २८ तऱ्हांत दोघंही पूर्ण नाहीसे होतात. किंवा कुणीतरी दोन वर्षं खपून बनवलेलं सर्किट होतं. तिन्हींनंतर मैदान सारखंच दिसतं.

उलटंही आहे. काही चित्रं अशी आहेत, ज्यांना कालच नाही. कुठल्याही चित्रातून ती निघत नाहीत, हातानं मांडली तरच दिसतात. त्यांना 'ईडनची बाग' म्हणतात, आणि या खेळातली पहिली अशी बाग रॉजर बँक्स यांनी १९७१ मध्ये शोधली. भाचीला हे सांगताना मला आपले कापरेकर आठवले. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, देवळालीच्या शाळेतले मास्तर. ६१७४ मुळे बहुतेकांना ठाऊक असतात, पण त्यांचं दुसरं काम मला जास्त भावतं. कुठलीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की २१. म्हणजे २१ ला जन्म देणारी संख्या १५. पण २० ला जन्म देणारी कुठलीच नाही. करून बघा. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२ अशा या संख्या. कापरेकर त्यांना स्वयंभू म्हणत, देवळाली संख्याही म्हणत. आपल्या देवळांत असतात तशाच या स्वयंभू, कुणी न घडवलेल्या. कॉनवेंच्या बागा आणि कापरेकरांच्या स्वयंभू संख्या, कल्पना तीच. आणखी एक योग: ज्या गार्डनरनी १९७० मध्ये कॉनवेंचा खेळ जगाला सांगितला, त्यांनीच मार्च १९७५ च्या सदरात कापरेकरांवर लिहिलं. तोवर आपल्याकडच्या बऱ्याच गणितज्ञांना हा शाळामास्तर म्हणजे आकड्यांशी खेळणारा विक्षिप्त माणूस वाटायचा. आपल्या धारवाडच्या बेंद्रे मास्तरांनाही उतारवयात आकड्यांचं वेड लागलं होतं. साधनकेरीच्या घरात कवितेपेक्षा आकड्यांवरच बोलायचे म्हणतात. या मास्तर लोकांमध्ये काहीतरी असतं.

हे सगळं ऐकत असलेले अप्पा मधेच म्हणाले, "दाखव बघू काय बनवलंयस ते."

दोन वर्षांत पहिल्यांदाच. मी लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला. ग्लायडर आत आला, हर्शेल नळ्यांतून गेला, बाहेर ग्लायडर पडला. थोड्या वेळानं दुसऱ्या बाजूनं इशाऱ्याचा ग्लायडर आला आणि माळ पेटली. सगळं गेलं. आकडा शून्य.

"परत लाव."

परत लावलं. चष्मा वर करून, पडद्याला नाक लावून बघत होते. मग म्हणाले, "आमच्याकडं पटाका असायचा. घाटात धुकं असलं, नाहीतर पुढं लाइनवर काही पडलं असलं, की रुळावर लावायचा. गोल पत्र्याची डबी, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या रुळाच्या डोक्यावर वाकवायच्या. इंजिनाचं चाक गेलं की ढप्. ड्रायव्हर सावध. डबी संपली. एकच निरोप, एकदाच." पावसाळ्यात रात्री लाइनवर फिरणाऱ्या माणसाच्या पिशवीत कंदील आणि झेंड्यांबरोबर हे पटाके असतातच, हे मला ठाऊक होतं. लहानपणी त्या पिशवीची भीती वाटायची.

"पण हा तुझा दुसरा ग्लायडर," ते म्हणाले, "तो कोण सोडतो?"

"मीच सोडतो. वेळ मोजून. पहिला आत गेल्यावर अमुक पिढ्यांनी."

"आणि गाडी लेट आली तर?"

मी गप्प. भाची हसायला लागली.

चाळीस वर्षं हा माणूस याच प्रश्नाचं उत्तर देत आला होता. रद्दीच्या ढिगातून त्यांनी तिसऱ्या नंबरची वही ओढली, पानं उलटली आणि एक आकृती माझ्यासमोर धरली. स्टेशनात गाडी घ्यायची तर तिच्यासाठी एक मार्ग लावतात: सांधे कुलूपबंद होतात, आडव्या येणाऱ्या दुसऱ्या गाड्यांचे सिग्नल लालच राहतात. गाडी निघून गेल्यावर हा मार्ग मोकळा करायचा. कधी? घड्याळ बघून नाही. रुळांचे तुकडे केलेले असतात, प्रत्येक तुकड्यावर विजेचं सर्किट असतं, चाकं आली की तिथला रिले पडतो, गेली की उठतो. गाडीनं पहिला तुकडा धरला, मग दुसरा धरला, मग पहिला सोडला, हे सगळं याच क्रमानं घडलं असं सिद्ध झालं, तरच मागचा मार्ग सुटतो. "प्रूव्ह व्हायला पाहिजे," अप्पा म्हणाले. हा त्यांचा शब्द. लहानपणी गृहपाठ झाला म्हटलं तरी ते हेच विचारायचे, प्रूव्ह कर. "गाडीच स्वतःच्या मागचा रस्ता सोडवत जाते. ती लेट असू दे, थांबू दे, काही बिघडत नाही. आणि मधेच वायर तुटली, तर सिग्नल लाल. मार्ग सुटत नाही. तुझ्याकडं इशारा आधी आला तर काय होतं?"

"चालू सर्किट उडतं. सिग्नल आतच मरतो."

"मग? त्याला माणसं मेली म्हणतात."

त्या रात्री आम्ही दोघं दीड वाजेपर्यंत बसलो. आईनं दोनदा येऊन दिवा बंद करायची धमकी दिली. अप्पांना ग्लायडरची भाषा अर्ध्या तासात आली, स्नार्कला ते क्रॅंक म्हणायला लागले, मी दुरुस्त करायचं सोडून दिलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: बाहेर पडणाऱ्या ग्लायडरनंच मागचं पुसायचा हुकूम द्यायचा. काम झाल्याशिवाय तो बाहेर पडतच नाही, म्हणजे तोच पुरावा. बाहेरच्या रांगेवर एकदाच वापरायचा फाटा ठेवायचा. ग्लायडर त्याच्यावर आदळेल, फाटा संपेल, एक ग्लायडर पुढे आपल्या कामाला जाईल आणि दुसरा मागे वळून माळ पेटवेल. हर्शेलचा शेवटचा धुरळा खाली बसायला जेवढा वेळ लागतो तेवढा त्याला जरा लांबून फिरवून आणायचा. ग्लायडर एक घर जायला चार पिढ्या घेतो, तेव्हा लांबी काढणं हे तोंडी गणित. घड्याळाची गरज संपली. पहिला ग्लायडर हजार पिढ्या उशिरा येवो की दहा लाख, सर्किट वाट बघत बसेल आणि काम झाल्यावरच जाईल.

कागदावर हे सोपं. प्रत्यक्षात फाटा ठेवायची जागा मिळेना. जिथं ठेवावा तिथं जुन्या माळेतला कुठला तरी ग्लायडर त्याला आधीच धक्का देऊन जायचा. माळेतले चार आकार हलवले, त्यामुळे दुसरीकडे पाच ग्लायडरांचा क्रम बदलला, आणि पुन्हा दोन महिने स्क्रिप्ट आणि चहा. अप्पा सकाळी फिरून आले की आधी विचारायचे, "काय, झिरो?" पेपर नंतर. उणकलच्या तळ्याभोवती त्यांच्याबरोबर फिरणारी रिटायर्ड मंडळी आहेत, त्यांनाही आता ग्लायडर ठाऊक झालाय. एकानं मला थांबवून विचारलं, यात पैसे किती मिळतात? शून्य, मी म्हणालो. अप्पा माझ्यापेक्षा जोरात हसले.

संक्रांतीच्या आदल्या रात्री एक ओळ आली: उरलेली घरं, शून्य. फक्त बाहेर निघालेला कामाचा ग्लायडर मोजायचा नाही असं स्क्रिप्टला सांगितलेलं होतं, म्हणजे खरा आकडा पाच. या पाचाला कुणाची हरकत नव्हती. सकाळी तिळगूळ द्यायच्या आधी मी अप्पांना लॅपटॉप दाखवला. त्यांनी पहिला ग्लायडर स्वतः मांडला, मुद्दाम खूप लांब, पडद्याच्या बाहेर. मग हात बांधून बसले. पडद्यावर सर्किट नुसतं स्तब्ध. मिनिटभर काही नाही. भाची म्हणाली, अडकलं. अप्पा म्हणाले, "लेट आहे, येईल." आला. आत गेला, बाहेर पडला, फाटा फुटला, एक पुढे गेला आणि मागून माळ एकेक आकार घेऊन शांत झाली. अप्पांनी पुढे निघालेल्या ग्लायडरवर बोट ठेवलं आणि तो कोपऱ्यातून दिसेनासा होईपर्यंत बोट त्याच्याबरोबर सरकवत नेलं.

मी ती फाइल जपून ठेवली आहे, अर्थातच. तीन किलोबाइटची आहे. सर्किट स्वतःला पुसतं, फाइल पुसत नाही. भाचीनं हे लगेच पकडलं आणि म्हणाली, ही चीटिंग आहे मामा. असेल.

डायऱ्या रद्दीत गेल्या. मी अडवलं नाही. त्यातल्या एका डायरीत, मी जन्मलो त्या दिवशीच्या पानावर, फक्त 'लोंढा, पॉइंट फेल्युअर, १४.२०' एवढंच होतं. ते पान अप्पांनी स्वतः मला वाचून दाखवलं आणि डायरी ढिगावर टाकली. वह्यांचं अजून ठरलेलं नाही. तिसरी वही माझ्या टेबलावरच आहे, कारण आता आम्ही दोन गाड्यांच्या, म्हणजे दोन ग्लायडरांच्या सर्किटला लागलोय, आणि त्यासाठी 'एक सिग्नल, एक गाडी' या नियमाची आकृती अप्पांना रोज लागते. पहिली, दुसरी आणि चौथी त्यांनी परत सुतळीनं बांधून दारामागे ठेवली आहेत. रद्दीवाला येत्या रविवारी येतो म्हणालाय. तो गेले तीन रविवार तसंच म्हणतोय.